घर आहे की धर्मशाळा?

मुलगा रात्री उशिरा घरी आला, दोन घास खाऊन पुन्हा बाहेर पडला, की आपल्याकडची आई एक वाक्य हमखास फेकते : "हे घर आहे की धर्मशाळा?" माझ्या आईने ते माझ्या भावांना ऐकवलं आणि पुढे मी माझ्या मुलाला. बोलताना कधी मनात आलं नाही, की बिचाऱ्या धर्मशाळेने आपलं काय वाकडं केलं होतं? वाटेवरच्या माणसाला रात्रीपुरतं छप्पर देणारी ती जागा. तिचं नाव आपण शिवीसारखं कधीपासून वापरायला लागलो?

हा प्रश्न मला या वयात पडला त्याला कारण झालं गेल्या मे महिन्यातलं जर्मनी. भाची तिकडे आखेनच्या विद्यापीठात शिकते. तिच्याकडे गेले आणि पाठीला सॅक लावून तिच्यासोबत अकरा दिवस फिरले. त्यातल्या नऊ रात्री होस्टेलात काढल्या. एका खोलीत सहा पलंग, त्यातला एक आपला, बाकीच्या पाचांवर कोण येणार ते देवाला ठाऊक. परत आल्यावर हे सांगितलं तेव्हा शेजारच्या वहिनींचा हातातला चहा तसाच राहिला. "काऊन वो बाई, अनोळखी लोकाइत झोपल्या तुमी? एवढ्या दूर विमानानं गेल्या अन् धर्मशाळेत राह्यल्या?"

आमचं लोहारा म्हणजे यवतमाळला लागून, दारव्हा रोडवर. गाव म्हणावं तर शहर येऊन चिकटलं आहे आणि शहर म्हणावं तर अजून सकाळी कोणाच्या तरी गोठ्यातलं शेण रस्त्यावर पडलेलं असतं. एमआयडीसी आहे. तिथे डेनिमचं कापड विणणारा मोठा कारखाना आहे. म्हणजे जी जीन्स चढवून जगभरची पोरं सॅक घेऊन हिंडतात, तसलं कापड आमच्या दारात तयार होतं. पण हिंडणारी पोरं मात्र दुसऱ्यांची. आम्ही लोक लग्नाला जातो, तेराव्याला जातो, शेगाव-पंढरपूरला जातो आणि फार झालं तर एलटीसी काढून एकदा काश्मीर करतो. नुसतं बघायला म्हणून आणि तेही एकट्याने, ही कल्पना आमच्याकडे अजून रुळलेली नाही. बाईमाणसाच्या बाबतीत तर नाहीच.

मलाही हॉटेलातच राहायचं होतं, खोटं कशाला बोलू? पण भाचीने दर सांगितले आणि मी गप्प बसले. तिच्याच सांगण्यावरून निघण्याआधी इथे यूथ होस्टेल्स असोसिएशनचं कार्ड काढून घेतलं होतं. कार्ड हाती पडलं तेव्हा हसूच आलं. यूथ! साठी उलटलेली बाई. पण नावात यूथ असलं तरी सभासद व्हायला वयाची वरची अट नाही, हे तेव्हाच कळलं.

पहिली रात्र कोलोनला. त्यातही फजिती अशी, की भाचीचं विद्यापीठातलं काहीतरी काम लांबलं आणि ती दुसऱ्या दिवशी येणार असं ठरलं. म्हणजे पहिल्याच रात्री मी एकटी. ऱ्हाईन नदीच्या एका काठाला ते सुप्रसिद्ध कथीड्रल, समोरच्या काठाला डॉइट्झ नावाचं स्टेशन आणि स्टेशनपासून चार पावलांवर होस्टेल. काउंटरवर एक मुलगा होता. मी मनात उत्तरांची उजळणी करत उभी : भाची उद्या येणार आहे, मी शिक्षिका होते, हे तिचं पत्र, हा तिचा नंबर. त्याने पासपोर्ट पाहिला, कार्ड पाहिलं, किती रात्री ते विचारलं, एक कागद भरून घेतला, चावीचं कार्ड दिलं आणि न्याहारी किती वाजता ते सांगितलं. संपलं. तयार करून ठेवलेली सगळी उत्तरं माझ्या तोंडातच राहिली.

वाचकांना वाटेल, यात सांगण्यासारखं ते काय? सांगते.

१९८९ साली मी नोकरीत नवी होते. दहावीच्या उत्तरपत्रिकांच्या कामासाठी एका जिल्ह्याच्या गावी जावं लागलं. एसटी वाटेत बंद पडली आणि पोचायला रात्रीचे साडेनऊ झाले. स्टँडसमोरच्या लॉजवर गेले. मॅनेजरने माझ्याकडे न बघता माझ्या मागे बघितलं. मागे कोणी नव्हतं. "सोबत कोण आहे?" "कोणी नाही." "सिंगल लेडीजला देत नाही." शाळेचं ओळखपत्र दाखवलं, बोर्डाचं पत्र दाखवलं. पलीकडच्या लॉजवर तेच. तिसऱ्या ठिकाणी तर काउंटरवरचे दोघे एकमेकांकडे बघून हसले आणि त्या हसण्याचा अर्थ मला घरी आल्यावरही कोणाला सांगता आला नाही. ती रात्र मी रेल्वे स्टेशनवर, बायकांच्या वेटिंग रूममध्ये, पर्स पोटाशी धरून बाकावर बसून काढली. खिशात पैसे होते, हातात सरकारी काम होतं, आणि तरी एवढ्या मोठ्या गावात मला पाठ टेकायला जागा नव्हती. कारण माझ्या मागे कोणी उभं नव्हतं.

कोलोनच्या त्या काउंटरवर मला ही रात्र आठवली, हे वेगळं सांगायला नकोच.

आता त्या खोलीविषयी. लाकडी पलंग, एकावर एक. प्रत्येकाच्या उशाशी स्वतःचा दिवा, म्हणजे एकाला वाचायचं असलं तर पाच जणींची झोपमोड नको. प्रत्येकाला एक कपाट, कुलूप आपलं आपण आणायचं. पलंगावर स्वच्छ चादर, अभ्रा, खोळ घडी करून ठेवलेली. ती आपणच घालायची आणि जायच्या दिवशी आपणच काढून खाली नेऊन टाकायची. न्याहारीला उकडलेली अंडी, पाव, चीज, फळं, हवं तितकं. पण खाऊन झालं की आपला ट्रे आपण नेऊन ठेवायचा. माझ्या खोलीत एक कोरियन मुलगी होती, जर्मनीतल्याच दोघी मायलेकी होत्या आणि एक बाई माझ्याहूनही वयाने मोठी, सायकलवरून ऱ्हाईनच्या काठाकाठाने निघालेली. त्या बाईंनी झोपण्याआधी पायाला तेल चोळलं. वास ओळखीचा नव्हता, पण चोळण्याची रीत आमच्या आजीची.

मी घोरते. घरच्यांना सवय आहे. सकाळी वरच्या पलंगावरच्या कोरियन मुलीला मोडक्यातोडक्या इंग्रजीत सॉरी म्हणाले, तर तिने हसून कानातून दोन मऊ बोंडं काढून दाखवली. पुढच्या गावी मला त्याचं एक पाकीट तिच्याकडून भेट मिळालं. मला वाटतं, घोरणाऱ्याला बोंडं देण्यात तिचा काही निरोप असावा, पण मी तो प्रेमानेच घेतला.

सगळंच गोड होतं असं नाही. एका खासगी होस्टेलात रात्री दोन वाजेपर्यंत खालच्या बारमधला धांगडधिंगा सहन केला. एका ठिकाणी न्हाणीघर जिन्याच्या टोकाला. गुडघे दुखणाऱ्याला ती शिक्षाच. आणि ते 'स्वस्त' म्हणतात तेही त्यांच्या मानाने. न्याहारी धरून रात्रीचे ४० युरो म्हणजे आपले चार हजाराच्या घरात. एवढ्यात आपल्याकडे बऱ्यापैकी हॉटेल मिळतं. तेव्हा तिकडचं ते सगळं चांगलं आणि इकडचं ते सगळं टाकाऊ, असला सूर मला लावायचा नाही. पण आराम कशाला म्हणायचं, याचा माझा हिशेब त्या नऊ रात्रींत बदलला. गादी घरच्यापेक्षा पातळच होती. आराम होता तो कोणी काही विचारत नाही याचा, संडास कधीही गेलं तरी स्वच्छ असण्याचा आणि दाराला आतून धड कडी असण्याचा.

भाचीला माझा स्वभाव माहीत. ती म्हणाली, "मावशी, तुला ही कल्पना जिथे जन्मली ती जागाच दाखवते." कोलोनहून हागेन आणि हागेनहून लेने नदीच्या काठाने जाणाऱ्या गाडीने आल्टेना. डोंगराच्या घळीत वसलेलं लहानसं गाव, वर किल्ला. किल्ल्यावर जायला आता डोंगराच्या पोटातून लिफ्ट काढली आहे, म्हणून माझे गुडघे तिथवर पोचले. हे गाव पूर्वापार लोखंडाची तार ओढण्यासाठी प्रसिद्ध. तिथे तारेचं संग्रहालयसुद्धा आहे. लोहाऱ्याच्या बाईला लोखंड ओढणाऱ्यांच्या गावात गेल्यावर जरा घरच्यासारखं वाटलं, एवढंच.

तर या आल्टेनात रिशार्ड शिरमान नावाचे एक प्राथमिक शिक्षक होते. गावातली मुलं कारखान्यांच्या धुरात वाढलेली. त्यांना वर्गाबाहेर काढून पायी हिंडवायचं, झाडं-नद्या दाखवून शिकवायचं, हा त्यांचा नाद. ऑगस्ट १९०९ मध्ये ते मुलांची टोळी घेऊन आल्टेनाहून आखेनकडे निघाले. माझी भाची शिकते तेच आखेन. वाटेत वादळ आलं. विजा, मुसळधार पाऊस, आणि रात्रीला थारा नाही. शेवटी एका खेड्यातल्या शाळेत आसरा मिळाला. जमिनीवर पेंढा अंथरून मुलं झोपली. मास्तरांना मात्र झोप आली नाही. विचार आला तो इतका साधा, की आपल्याला का सुचला नाही असं वाटावं : सुट्टीत प्रत्येक गावातली शाळा रिकामी पडलेली असते. वर्गातली बाकं बाजूला सारली, पेंढ्याच्या गाद्या घातल्या, की झाली हिंडणाऱ्या मुलांची निवाऱ्याची जागा!

याच विचारातून पुढे, १९१२ साली, आल्टेनाच्या किल्ल्यात पहिलं कायमचं यूथ होस्टेल उभं राहिलं. तिथल्या जुन्या खोल्या तशाच राखल्या आहेत. जाड लाकडाचे, एखाद्या गोदामातल्या मांडणीसारखे पलंग. शेजारी हात धुवायची जागा. मी दारात उभी राहून बराच वेळ बघत होते. मीही तीस वर्षं शाळेत काढली, मुलांच्या सहली काढल्या, सहलीत मुलींना कुठे झोपवायचं या काळजीने रात्री जागवल्या. पण हा मास्तर एका पावसात भिजला आणि त्यातून जगभरची व्यवस्था उभी राहिली. १९३२ साली तर निरनिराळ्या देशांच्या अशा संघटना ॲमस्टरडॅमला एकत्र आल्या. पुढच्याच वर्षी हिटलर सत्तेवर आला आणि जर्मनीतली होस्टेलं त्याच्या युवक संघटनेच्या ताब्यात गेली. ज्या जागा कोणाही मुलासाठी होत्या, तिथे कोणाला येऊ द्यायचं हे ठरवणारे आले. शिरमान बाजूला सारले गेले. युद्ध संपल्यावर हे काम पुन्हा सुरू झालं. भारतातही १९४९ पासून ही संघटना आहे. आपल्यापैकी पुष्कळांची मुलं तिच्याच हिमालयातल्या ट्रेकना जाऊन आलेली असतील.

किल्ल्यातून खाली येताना भाची म्हणाली, "आपल्याकडे असं काहीच नाही ना गं, मावशी?" मी पटकन हो म्हणणार होते, पण जीभ अडखळली. आपल्याकडे? आपल्याकडे तर हे केव्हापासून आहे! अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात साऱ्या हिंदुस्थानभर घाट, विहिरी आणि धर्मशाळा बांधल्या. आणि आमच्या वऱ्हाडातल्या माणसाला तर धर्मशाळा शिकवायला दुसरं कोणी नको. शेंडगावच्या परीट घरात १८७६ साली जन्मलेले डेबूजी झिंगराजी जानोरकर, म्हणजे आपले गाडगेबाबा, हातात खराटा आणि डोक्यावर गाडग्याचं खापर घेऊन गावोगाव फिरले. माणसं पायाशी वाकायला आली तर पळाले. आणि लोकांनी दिलेल्या पैशातून पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक, मुंबई अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या. स्वतः मात्र त्यात मुक्काम करत नसत, झाडाखाली पडत, असं सांगतात.

पण मग 'धर्मशाळा' ही शिवी का झाली? याचं एक उत्तर पंढरपुरातच आहे. गाडगेबाबांना तिथे चोखामेळ्याच्या नावाने वेगळी धर्मशाळा बांधावी लागली, कारण बाकीच्यांत महारांना थारा नव्हता. विठ्ठलाच्या भेटीला शेकडो मैल चालत आलेला माणूस आणि रात्री वाळवंटात उघड्यावर. पुढे बाबांनी ती धर्मशाळा बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. म्हणजे निवारा बांधण्याची दानत आपल्याकडे भरपूर होती, पण दारात उभ्या माणसाला आधी "कोणता?" असं विचारायची खोडही होती. आजही तीर्थक्षेत्रांना गेलं की धर्मशाळांच्या पाट्या वाचत चला. अमुक समाज, तमुक ज्ञाती. आणि जिथे "कोणता?" हा प्रश्न मागे पडला, तिथे "सोबत कोण?" हा प्रश्न येऊन बसला. एका ठिकाणच्या भक्तनिवासाची पाटी मी स्वतः वाचली आहे : एकट्या व्यक्तीस खोली मिळणार नाही. त्यांच्यापाशी कारणं असतात, नाही असं नाही. कोणी खोलीत जीव देतो, मग पोलिसांच्या खेपा आणि वर्तमानपत्रात संस्थेचं नाव. पण दहा हजारांतला एक तसं करतो म्हणून बाकीच्या नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव जणांनी बाकावर बसून रात्र काढायची?

दुसरं उत्तर अस्वच्छतेचं. धर्मशाळा म्हटलं, की डोळ्यांपुढे पान थुंकलेला जिना आणि तुंबलेली मोरी येते. ती चुकीची नाही. जे फुकट ते कोणाचंच नाही, ही आपली समजूत. पण शेगावला जाऊन बघा. गजानन महाराज संस्थानाची भक्तनिवासं, तिथली शांतता आणि फरशी बघा. तिथे झाडणारे सेवेकरी घरचं सोडून सेवा म्हणून येतात आणि तिथे पान थुंकायची आपल्याच माणसांची छाती होत नाही. म्हणजे आपल्याला जमत नाही, हे खोटं. मुंबईत दादरला गाडगेबाबांच्या नावाची धर्मशाळा आहे. गावोगावहून टाटा रुग्णालयात कॅन्सरच्या उपचाराला आलेले लोक तिथे आठवडेच्या आठवडे राहतात. आमच्या ओळखीतल्या एका घराने तिथे तीन महिने काढले. ते लोक आजही 'धर्मशाळा' हा शब्द उच्चारताना आवाज खाली आणतात, देवळाचं नाव घ्यावं तसा. भाचीने नंतर सांगितलं, की हॉस्पिटल, होस्टेल आणि हॉटेल हे तिन्ही शब्द मुळात एकाच लॅटिन शब्दाचे. पाहुण्याचे. आपल्याकडे त्यातलं हॉटेल तेवढं भरभराटीला आलं.

वहिनींना हे सगळं सांगत बसले नाही. त्यांनाच एक आठवण करून दिली. मागच्या वर्षी त्यांच्या उमरखेडच्या भावाची मुलगी भरतीच्या परीक्षेला यवतमाळला आली होती. परीक्षा सकाळी नऊला. वेळेवर पोचायचं तर आदल्या दिवशीच निघायला हवं. मुलगी एकटी आली नसती, म्हणून शेतीचं काम टाकून बाप सोबत आला. वहिनींकडे त्या वेळी आधीच पाहुणे होते आणि मेहुण्याला भीड. बापलेकीने रात्र एसटी स्टँडवर काढली. "हाव, मले दुसऱ्या दिवशी सांगितलं त्यानं," वहिनी म्हणाल्या, "लई जीव जळला." परीक्षेच्या आदल्या रात्री कोणत्याही जिल्ह्याच्या स्टँडवर जाऊन बघा, अशा जोड्या दिसतील. पोरगी पुस्तकावर डोकं टेकून पेंगते आहे आणि बाप पिशवीची राखण करत जागा आहे. दोन माणसांचं भाडं, एका माणसाची मजुरी बुडालेली आणि पेपरच्या वेळी पोरीचे डोळे तारवटलेले. बिनबापाच्या पोरीने काय करायचं? ती बहुधा फॉर्मच भरत नाही.

याच परीक्षेच्या सुमारास, शनिवार-रविवारी, गावातल्या सगळ्या शाळा रिकाम्या असतात. वर्ग आहेत, पंखे आहेत, कुंपण आहे, बऱ्याच ठिकाणी मुलींची वेगळी स्वच्छतागृहंही आहेत. शिरमान मास्तरांना १९०९ मध्ये सुचलं ते इथे शंभर वर्षांनी तरी करून बघायला काय हरकत आहे? दोन वर्ग मुलींसाठी उघडायचे. बचत गटाच्या दोन बायका रात्री वस्तीला, त्यांना त्याचा मोबदला. गाद्या लग्नाच्या मंडपवाल्याकडे पावसाळाभर पडूनच असतात. शंभर रुपये घ्यायचे, फुकट मुळीच नाही. ओळखपत्र बघायचं, हॉलतिकीट बघायचं, पण "सोबत कोण?" हे विचारायचं नाही. आणि सकाळी निघताना आपली चादर आपण काढून टोपलीत टाकायची, आपली जागा आपण झाडायची. याला जर्मन नियम म्हणण्याची गरज नाही. खराटा आपलाच आहे.

लोक म्हणतात, काही झालं तर? मलाही ही भीती वाटते. मुलींच्या सहली नेलेल्या बाईला ती कळते. पण "काही झालं तर" हा प्रश्न आपण नेहमी दार उघडण्याबद्दल विचारतो. दार बंद असल्यामुळे स्टँडवर, वेटिंग रूममध्ये, अनोळखी गावातल्या रस्त्यावर रात्री दहा वाजता काय होऊ शकतं, ते कोणी विचारत नाही. माझ्या त्या १९८९ च्या रात्री काही झालं नाही, कारण वेटिंग रूमच्या सफाईवाल्या बाईने रात्रभर दारात पथारी टाकली. तिला कोणी सांगितलं नव्हतं.

परत आल्यावर मी आमच्या भागातल्या एका शाळेकडे अर्ज दिला. पुढच्या मोठ्या परीक्षेच्या आदल्या रात्री दोन वर्ग मिळावेत, मी स्वतः आणि बचत गटातल्या दोघी मुक्कामाला राहू, असं लिहिलं. मुख्याध्यापकांनी नीट वाचून घेतला. चांगला माणूस आहे. चष्मा काढून म्हणाले, "बाई, सगळं लिवलं तुमी. फक्त जबाबदारी कोणाची, ते नाई लिवलं." ते खरंच राहून गेलं होतं. दुसरा अर्ज लिहायला घेतला आहे. वहिनी म्हणताहेत, त्यावर त्यांचीही सही घ्या.